ऋण फेडत चाललेली पावलं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष लागला की आमच्या बोदलकसा भागात धान घरी यायला लागतं. कडपा उचलून झालेल्या असतात, बांधीबांधीत पुंजणे उभे असतात, कुणाचं चुरणं झालेलं असतं, कुणाचं व्हायचं असतं. आणि याच दिवसांत दत्तजयंती येते. कास्तकाराच्या हातात वर्षाचं पीक आणि समोर दत्तगुरूंचा जन्मोत्सव, हा योग मला फार चांगला वाटतो. हातात काही आलेलं असतं तेव्हाच ते कुणी दिलं हे आठवायला पाहिजे. पण नेमकं तेव्हाच ते विसरायला होतं.

आपण दत्तभक्त मागायला कमी पडत नाही. मुलीचं लग्न जमत नाही म्हणून गुरुचरित्राचं पारायण, मुलाला नोकरी नाही म्हणून गुरुवारचा उपास, दुखणं हटत नाही म्हणून औदुंबराला प्रदक्षिणा. यात वाईट काही नाही. लेकरू आईकडे मागणारच. पण काम झाल्यावर काय? पेढे वाटले, अभिषेक केला, नवस फिटला, की हिशेब पुरा. पुढची अडचण येईपर्यंत पोथी कपड्यात बांधून ठेवलेली. हा व्यवहार झाला, ही कृतज्ञता झाली का, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता. त्याचं उत्तर मला एका माणसाच्या चरित्रात मिळालं. तो माणूस म्हणजे श्रीमत् परमहंस परिव्राजकाचार्य वासुदेवानंद सरस्वती, आपले टेंबे स्वामी, थोरले महाराज. त्यांचं चरित्र पुष्कळांनी पुष्कळ वेळा वाचलं असेल. मी ते या अंकासाठी एवढ्याच दृष्टीनं सांगणार आहे, की या माणसानं आयुष्यभर कुणाकुणाचं ऋण मानलं आणि ते कसं फेडलं.

आधी दत्तप्रभूंचंच थोडं सांगतो, म्हणजे पुढचं नीट लागेल. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला एक अवधूत भेटतो. अंगावर धड वस्त्र नाही, घरदार नाही, तरी चेहऱ्यावर आनंद. राजा विचारतो, हा आनंद आला कुठून? त्यावर अवधूत आपली विद्या, आपलं तप सांगत बसत नाही. तो आपल्या चोवीस गुरूंची नावं सांगतो. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य, कबुतर, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी, हत्ती, मासा, पिंगला नावाची वेश्या, टिटवीसारखा एक पक्षी, लहान मूल, कोळी. ज्याच्याकडून जे शिकलो ते त्याचं म्हणून सांगितलं. दत्तसंप्रदायाची सुरुवातच अशी देणाऱ्याचं नाव घेण्यानं झाली आहे. आमच्याकडे सकाळी तलावाच्या पाळीवर उभं राहिलं तर यातले निम्मे गुरू एका नजरेत दिसतात. पाणी आहे, मासा आहे, हिवाळ्यात दूरदेशाहून आलेली पाखरं आहेत, झाडाला मधाचं पोळं आहे. शिकवायला ते तयार आहेत. आपण त्यांना गुरू म्हणायला तयार आहोत का, एवढाच प्रश्न.

आता स्वामींचं चरित्र. कोकणात, त्या वेळच्या सावंतवाडी संस्थानात, माणगाव नावाचं गाव आहे. तिथं श्रावण वद्य पंचमीला, शके १७७६ मध्ये, म्हणजे १३ ऑगस्ट १८५४ रोजी, गणेशभट आणि रमाबाई टेंबे यांच्या पोटी वासुदेवाचा जन्म झाला. वडील मोठे दत्तभक्त. गाणगापूरला राहून त्यांनी सेवा केली आणि तिथून आज्ञा झाली म्हणून घरी परतून संसाराला लागले, असं परंपरेत सांगतात. घरची स्थिती बेताचीच. आजोबा हरिभट यांनी नातवाला हाताशी धरून शिकवलं. आठव्या वर्षी मुंज झाली, वेदाध्ययन झालं, पुढे संस्कृत आणि ज्योतिष यांत हा मुलगा तयार झाला. पण आठव्या वर्षी शिकलेली संध्या त्यानं पुढे कधी सोडली नाही. आजोबांनी दिलेलं हे देणं होतं. ते त्यानं रोज वापरून जिवंत ठेवलं. वडीलधाऱ्यांचे आभार मानायची याहून दुसरी रीत मला तरी माहीत नाही. आजोबांच्या फोटोला वर्षातून एकदा हार घालणं सोपं आहे, त्यांनी लावलेली एखादी चांगली सवय रोज पाळणं अवघड आहे.

एकविसाव्या वर्षी लग्न झालं. पत्नीचं नाव अन्नपूर्णाबाई. संसार सुरू झाला, पण मनाची ओढ नरसोबाच्या वाडीकडे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहसरस्वतींच्या मनोहर पादुका आहेत. तिथं त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. वाडीला गोविंदस्वामींसारख्या अधिकारी पुरुषाची गाठ पडली. माणगावहून वाडी म्हणजे घाट चढून जायचं, तेही पायी. पुढे कागलच्या एका मूर्तिकाराकडून दत्ताची मूर्ती मिळाली आणि १८८३ साली माणगावात गावकऱ्यांच्या हातभारानं दत्तमंदिर उभं राहिलं. लोक लांबून येऊ लागले. आडवळणाचं ते गाव दत्ताचं ठिकाण म्हणून ओळखलं जाऊ लागलं. स्वामींचा तिथं सुमारे सात वर्षं मुक्काम होता.

आणि मग ते सगळं सोडून निघाले. १८८९ मध्ये आज्ञा झाली म्हणून पत्नीला घेऊन त्यांनी माणगाव सोडलं. इथं मी वाचताना थांबलो होतो. आपण एखादं देऊळ बांधलं, निदान त्याची फरशी बसवून दिली, तरी भिंतीवर नाव कोरून घेतो. विश्वस्त मंडळात जागा नाही मिळाली तर रुसतो. आणि इथं स्वतः उभं केलेलं देवस्थान हा माणूस मागं वळून न बघता सोडतो. याचा अर्थ मला असा लागला, की जे मिळालं ते दत्तानं दिलं असं ज्याला खरोखर वाटतं, त्याला ते माझं म्हणून धरून ठेवावं लागत नाही. दिलेलं होतं, सांभाळलं, पुढच्यांच्या हाती दिलं. कृतज्ञ माणसाची मूठ सैल असते.

यानंतरचा भाग दुःखाचा आहे आणि मला तो टाळून पुढं जायचं नाही. वाडीला असताना अन्नपूर्णाबाई बाळंत झाल्या, पण मूल मेलेलं जन्मलं. तशात पुढचा पायी प्रवास. फिरत फिरत दोघं मराठवाड्यात गोदावरीकाठी गंगाखेडला आली. तिथं १८९१ च्या वैशाखात पटकीच्या साथीत अन्नपूर्णाबाई गेल्या. स्वामींचं वय तेव्हा छत्तीस.

आपल्यापैकी पुष्कळजण या वयात जोडीदाराविना आहेत. माझी मंडळीसुद्धा गेली त्याला आता काही वर्षं झाली. त्या दिवसांत भेटायला येणारे चांगल्या मनानं सांगायचे, की देवाचे आभार मानावे, सोन्यासारखा संसार झाला. मला तेव्हा देवाचं नाव काढलेलंही सहन होत नव्हतं. म्हणून स्वामींच्या चरित्रातलं हे पान मी परत परत वाचलं. या माणसानं तेव्हा काय केलं? दुःख चांगलं आहे असं ते कुठं म्हणाले नाहीत. गेलं ते बरं झालं असंही म्हणाले नाहीत. त्यांनी पत्नीची उत्तरक्रिया यथासांग केली. माणगावच्या सात वर्षांत येणाऱ्या-जाणाऱ्यांचं घर चालवायचं म्हणजे चुलीपुढं कोण बसलेलं असतं, हे आपल्याला सांगायला नको. नंतर घर सोडून पायी निघाल्यावरही ती बाई बरोबर चालली. तिचं ऋण क्रियाकर्मात एकही पायरी न गाळता त्यांनी फेडलं आणि ते झाल्यावरच संन्यास घेतला.

यावरून मला एक गोष्ट समजली, ती इथं नमूद करतो. कृतज्ञता म्हणजे झालेल्या वाईटाला चांगलं म्हणणं नव्हे. मृत्यूचे आभार मानायला दत्तगुरू सांगत नाहीत. आभार मानायचे ते त्या माणसाचे, आणि तेही त्याच्या वाटचं उरलेलं काम करून. माझ्या मंडळीनं सांदवाडीत लावलेलं लिंबाचं झाड मी त्या वर्षी वाळू दिलं नाही, एवढंच माझ्या हातून झालं. पण रोज दोन बादल्या पाणी घालता घालता मनातली चीड उतरत गेली, हे खरं आहे.

संन्यास घेऊन स्वामी उज्जैनला गेले. तिथं नारायणानंद सरस्वतींकडून त्यांनी दंड घेतला आणि वासुदेवानंद सरस्वती हे नाव मिळालं. त्यानंतरचं सारं आयुष्य चालण्यात गेलं. त्यांनी वाहनात पाय ठेवला नाही. पायात काही घालायचं नाही. जवळ दंड, कमंडलू, लंगोट्या, छाटी, पोथ्या आणि लहानशी दत्तमूर्ती. एवढ्यावर हिमालयापासून तंजावरपर्यंत आणि द्वारकेपासून आंध्रातल्या कृष्णाकाठपर्यंत देश पायाखाली घातला. संन्यासानंतर त्यांचे एकूण २३ चातुर्मास झाले. उज्जैन, ब्रह्मावर्त, हरिद्वार, द्वारका, चिखलदा, नरसी, तंजावर अशी ती यादी लांब आहे.

जेवण म्हणजे मधुकरी. हा शब्द आपण नेहमी वापरतो, पण त्यात मधमाशी आहे हे विसरतो. अवधूताच्या चोवीस गुरूंतली ती मधमाशी. ती फुलाला न दुखवता थोडं थोडं घेते, म्हणून संन्याशानंही एका घरावर भार न टाकता घरोघरी थोडं थोडं घ्यावं. ही नुसती पोट भरायची सोय नव्हे. रोज कुणाच्या तरी दारात उभं राहायचं म्हणजे आपण दुसऱ्याच्या जिवावर जगतो हे रोज स्वतःला दाखवून द्यायचं. आपण भिक्षा मागत नाही. पेन्शन येते, धान विकून पैसे येतात, म्हणून आपल्याला वाटतं आपलं आपण खातो. पण ताटातल्या भाताचा हिशेब मांडून बघा. पऱ्हे कुणी टाकले, चिखलात दिवसभर वाकून रोवणी कुणी केली, बांधीला पाणी कुठून आलं, धान कांडलं कुठं, मीठ कुठल्या समुद्रकाठचं, आणि शेवटी रांधलं कुणी. मोजता मोजता बोटं पुरत नाहीत. आपलं जेवणसुद्धा मधुकरीच आहे, फक्त फुलं डोळ्यांआड आहेत.

आता आपल्या भागाची गोष्ट. १९०८ चा चातुर्मास स्वामींनी आंध्रात मुक्त्याला इथं कृष्णातीरी केला आणि १९०९ चा आपल्या पवनीला, वैनगंगेच्या काठी. तेव्हा आपला गोंदिया जिल्हा वेगळा नव्हता. १ मे १९९९ ला तो झाला, त्याआधी आपण सारे भंडारा जिल्ह्यातलेच. म्हणजे थोरले महाराज आपल्याच जिल्ह्यात एक पावसाळा राहून गेले, असं म्हणायला हरकत नाही. पावसाळ्यात संन्यासी एका जागी थांबतो. त्याचं कारण असं, की त्या दिवसांत जमिनीतून कोंब वर येतात, किडामुंगी बाहेर पडते, आणि चालणाऱ्याच्या पायाखाली ती मरते. वर्षभर जिनं चालू दिलं त्या जमिनीला चार महिने पायाचा त्रास द्यायचा नाही. पृथ्वी हा अवधूताचा पहिला गुरू. गुरूचा मान असाही राखता येतो.

मी आमच्या भागाचा नकाशा मनात आणतो तेव्हा एक गोष्ट फार गोड वाटते. बोदलकशाच्या डोंगरांतलं पाणी ओढ्यानाल्यांनी शेवटी वैनगंगेलाच मिळतं आणि वैनगंगा पवनीच्या घाटाला लागून पुढं जाते. १९०९ च्या त्या पावसाळ्यात आमच्या रानातून उतरलेलं पाणी स्वामींच्या स्नानाला गेलं असणार. त्या वेळी आमचा तलाव बांधलेला नव्हता. तो १९१७ सालचा. स्वामींनी देह ठेवल्यानंतर तीन वर्षांनी ते पाणी डोंगराच्या कुशीत अडलं. माती वाहणाऱ्या मजुरांची नावं कुठल्या दगडावर कोरलेली नाहीत. पण शंभर वर्षं झाली, त्या पाळीमागच्या पाण्यावर खालच्या बांध्या पिकतात, ढीवर बांधवांचे डोंगे चालतात, हिवाळी पाखरं उतरतात. आमच्या जिल्ह्यात असे तलाव जागोजागी आहेत. कित्येक तर कोहळी मंडळींनी त्याहून कितीतरी आधी खोदलेले. ज्यांनी खोदले त्यांना आपण पाहिलेलं नाही, आणि ज्यांनी खोदले त्यांनी आपल्याला पाहिलेलं नाही. तरी त्यांनी दिलं. आपल्या शेजारीच सुकडी डाकरामला चक्रधर स्वामींचं देवस्थान आहे. महानुभाव मंडळी ज्या पंचकृष्णांना मानतात त्यांत दत्तात्रेय प्रभू आहेतच. दत्ताचं नाव या झाडीपट्टीत आपल्या पणजोबांच्याही पणजोबांपासून आहे. तेही आपल्याला आयतंच मिळालं.

आयतं मिळालेल्याचं काय करायचं, हे स्वामींनी करून दाखवलं. त्यांना दत्तभक्ती मिळाली ती श्रीपाद श्रीवल्लभ आणि नृसिंहसरस्वती यांच्या परंपरेतून. तर हा माणूस त्या परंपरेची मुळं शोधत गेला. श्रीपाद श्रीवल्लभांचं पीठापूर, त्यांच्या तपाची कुरुगड्डी, नृसिंहसरस्वतींचं जन्मस्थान असलेलं आपल्या वऱ्हाडातलं कारंजा, ही ठिकाणं लोकांच्या पुढं आणण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. कारंज्याला पुढे १९३४ साली ब्रह्मानंद सरस्वती, ज्यांना लीलादत्त म्हणतात, त्यांनी गुरुमंदिर उभं केलं आणि आज विदर्भातला दत्तभक्त तिथं जातो. कुरुगड्डीला १९११ चा चातुर्मास झाला, तिथं घोरकष्टोद्धरण स्तोत्र तयार झालं. ज्या नद्यांचं पाणी ते प्यायले त्यांच्यावर त्यांनी स्तोत्रं रचली. नर्मदालहरी, कृष्णालहरी ही नावं आपण ऐकली असतील. गुरुचरित्राचा आधार मिळाला, तर ते त्यांनी संस्कृतात आणलं. दत्तपुराण, दत्तमाहात्म्य, सप्तशती गुरुचरित्रसार, असं किती सांगावं. घरोघर जो अठरा अक्षरी नाममंत्र टाळ वाजवत म्हटला जातो तोही त्यांनीच दिलेला. एकट्या फकिरासारखा हिंडणारा माणूस, जवळ कवडी नाही, पण जिथून काही घेतलं तिथं काही ठेवल्याशिवाय पुढं गेला नाही.

एक गोष्ट आपल्या वयाच्या मंडळींसाठी मुद्दाम सांगतो. त्यांनी शिक्षात्रय म्हणून तीन संस्कृत प्रकरणं लिहिली. कुमारशिक्षा, युवशिक्षा आणि वृद्धशिक्षा. म्हणजे म्हाताऱ्यानंही शिकायचं असतं, हे त्यांनी गृहीत धरलं आहे. साठी उलटली की आपल्याला वाटतं, आता जगानं आपलं ऋण फेडायचं. मुलांनी फोन करावा, सुनेनं विचारावं, गावानं मान द्यावा. हे वाटणं स्वाभाविक आहे, पण त्या वाटण्यानं रात्रीची झोप जाते. येणं किती बाकी आहे हेच मोजत बसलं की माणूस सावकारासारखा होतो. देणं किती बाकी आहे ते मोजायला लागलं की त्याला उद्या उठायला काही कारण मिळतं.

स्वामींच्या शरीराला सुख नव्हतं. संग्रहणीच्या विकारानं त्यांना वर्षानुवर्षं पिडलं. त्याच देहानं हजारो मैल चालणं झालं आणि पहाटेचं स्नान चुकलं नाही. १९०५ साली नरसोबाच्या वाडीला त्यांनी करुणात्रिपदी रचली. आपण ती आरतीनंतर म्हणतो. डोळे भरून यावेत अशी ती आळवणी आहे. पण तीत दत्ताशी सौदा नाही. लेकरानं आईचा पदर धरून आपली चूक कबूल करावी, तसा तिचा भाव आहे. मागणं आणि आभार यांत भांडण नसतं, हे मला करुणात्रिपदीनं दाखवलं. ज्यानं आधी देणाऱ्याला ओळखलं आहे त्यानं मागितलं तर ते शोभतं.

शेवटचे दिवस नर्मदाकाठी, गुजरातेत गरुडेश्वरला गेले. आषाढ शुद्ध प्रतिपदेला, शके १८३६ मध्ये, म्हणजे २४ जून १९१४ रोजी स्वामींनी देह ठेवला. तेव्हा त्यांचं वय साठीच्या आतच होतं. मागं मठाची मालमत्ता नव्हती. माणसं मात्र होती. नारेश्वरचे रंगअवधूत महाराज, पुण्याचे गुळवणी महाराज, इंदूरचे नाना महाराज तराणेकर, अशी मोठी परंपरा त्यांच्यापासून पुढं गेली. धाकटे बंधू सीताराम महाराज यांची समाधी तर आपल्या विदर्भातच, बडनेऱ्याजवळ झिरीला आहे. या सगळ्यांनी जे घेतलं ते पुढं दिलं.

आता आपल्या घरी काय करायचं? आपल्याला अनवाणी देश फिरायचा नाही. पण शास्त्रानं गृहस्थासाठी एक सोपी वाट आधीच आखून ठेवली आहे, ती पंचमहायज्ञांची. नाव मोठं आहे, काम लहान आहे. देवापुढं दिवा लावला, तो देवयज्ञ. पोथीची चार पानं वाचली किंवा नातवाला चार ओळी शिकवल्या, तो ब्रह्मयज्ञ. गेलेल्यांची आठवण करून तर्पण केलं, तो पितृयज्ञ. गाईला घास, पाखरांना दाणे, झाडाला पाणी, तो भूतयज्ञ. आणि दारात आलेल्याला निदान पाणी आणि दोन गोड शब्द, तो मनुष्ययज्ञ. पाचांत मिळून अर्धा तास जात नाही. हे पाचही जण आपल्याला रोज काहीतरी देतात आणि आपण त्यांना रोज थोडं परत करतो, एवढाच त्याचा अर्थ.

हे नुसतं म्हाताऱ्यांचं बोलणं नव्हे. २००३ साली अमेरिकेत रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला लावल्या. दुसऱ्या गटाला त्रासाच्या गोष्टी लिहायला सांगितल्या. कृतज्ञतेच्या गोष्टी लिहिणाऱ्यांना आपलं आयुष्य जास्त बरं वाटलं, पुढच्या आठवड्याकडे त्यांनी जास्त आशेनं पाहिलं आणि अंग दुखण्याच्या तक्रारीही त्यांच्या कमी होत्या. आपल्याला हे अमेरिकेनं सांगायला पाहिजे होतं असं नाही, पण नातवंडांना सांगायला ते उपयोगी पडतं.

माझा स्वतःचा नेम सांगतो, कुणाला उपयोगी पडला तर घ्यावा. रात्री झोपण्याआधी आज कुणी काय दिलं त्याची मी आठवण करतो. नावानिशी करतो. सगळ्यांचे आभार, असं मोघम म्हणत नाही, कारण अवधूतानं चोवीस गुरू मोजून सांगितले. आज शेजारच्या पोरानं सिलिंडर उचलून आत ठेवलं. आज सुनेनं फोनवर औषधाची आठवण केली. आज ऊन छान पडलं आणि धान वाळलं. मग त्यातल्या एकाला दुसऱ्या दिवशी काही परत करायचं. तोंडानं सांगितलं तरी चालतं. आपल्या गावाकडे घरच्या माणसाला आभार म्हणायची रीत नाही, जीभ अडते. तिथं शब्दाऐवजी काम करावं. सुनेनं रांधलं तर भाजी चांगली झाली असं चारचौघांत सांगावं. धान घरी आलं की ज्या बाया रोवणीला आल्या होत्या त्यांच्या घरी पायलीभर नवे तांदूळ मजुरीशिवाय पोचवावेत. तलावाच्या पाळीवर गेलं की पिशव्या, बाटल्या टाकू नयेत, पडलेल्या दिसल्या तर चार उचलाव्यात.

एक खबरदारी मात्र सांगून ठेवतो. कृतज्ञ राहा, म्हणजे कुणी अन्याय केला तरी गप्प बसा, असं नव्हे. मजुरी बुडवणाऱ्याचे आभार मानायचे नसतात. धानाचं वजन कमी धरलं तर हक्कानं विचारावं. आणि ज्या दिवशी मन अगदीच रिकामं असेल, कुणाचे आभार मानावेसे वाटत नसतील, त्या दिवशी स्वतःवर रागावू नये. नुसता दिवा लावावा. स्वामींनीही गंगाखेडला त्या दिवसांत आधी नेमकर्मच धरलं. भाव मागून येतो, नेम आधी धरायचा असतो.

या जयंतीला पाळण्याची दोरी हातात धराल तेव्हा या वर्षी काय मागायचं ते जरूर मागा. पण त्याआधी गेल्या वर्षी ज्यांनी दिलं त्यांतली पाच नावं मनात घ्या. एक घरचं, एक शेजारचं, एक शेतातलं, एक गेलेलं आणि एक असं, की ज्याला बोलता येत नाही. एवढी नावं घेऊन मग दत्ताचं नाव घ्या. माझा अनुभव असा आहे, की तोपर्यंत मागायच्या यादीतल्या एक-दोन गोष्टी आपोआप गळून पडतात.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.